पट्टीचे पोहणारे आधी बोलवा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, जळगाव / धुळे / नंदुरबार,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, जळगाव / धुळे / नंदुरबार,
आणि तापी, गिरणा, पांझरा, अनेर, गोमाईकाठच्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच

विषय : चौथी ते सातवीच्या प्रत्येक मुला-मुलीला गावातल्याच पाण्यात पोहायला शिकवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मार्च सरला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी यायला लागते. गावाचं नाव बदलतं, पोराचं नाव बदलतं. कधी शेततळं असतं, कधी गिरणेतला वाळूचा खड्डा, कधी पाटचारी. शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं : ‘पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या मदतीने मृतदेह बाहेर काढण्यात आला.’ मला त्या बातमीत सगळ्यात जास्त हेच वाक्य टोचतं. तो पट्टीचा पोहणारा त्याच गावचा असतो, पोरगंही त्याच गावचं. दोघं रोज एकाच पारावरून येत-जात असतील. आणि त्यांची पहिली गाठ पडते ती अशी.

मी चोपडा तालुक्यातली निवृत्त क्रीडाशिक्षिका. बत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत पोरांना पळवलं. खो-खो, कबड्डी, लंगडी, गोळाफेक, जे म्हणाल ते. दरवर्षी शालेय क्रीडा स्पर्धांचा कागद यायचा, त्यात ‘जलतरण’ असा एक रकाना असायचा. त्या रकान्यात मी बत्तीस वेळा ‘निरंक’ लिहिलं आणि कागद परत पाठवला. एकदाही हात अडखळला नाही. पोहणं हा शहरातल्या पोरांचा खेळ आहे, निळ्या फरशीवाल्या तलावाचा आहे, असंच माझ्याही डोक्यात होतं.

मग आमच्या खो-खो संघाचा कर्णधार गेला. नववीतला. त्याच्यासारखा सूर मारणारा पोरगा मी दुसरा पाहिला नाही. तो पाठलागाला उतरला की शेजारच्या शाळेचे सर आपल्या संघाला सोडून आमच्या मैदानाच्या कडेला येऊन उभे राहायचे. मे महिन्यात धाकटा भाऊ शेततळ्यात घसरला, आणि हा त्याच्या मागे गेला. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले होते. काळ्या प्लास्टिकवरच्या शेवाळात बोटांच्या रेघा होत्या. वर चढायचा प्रयत्न झाला होता, बराच वेळ झाला होता. मी त्या पोराला तीन वर्षं खांब मारायला शिकवलं. ‘तुले पव्हता येस का?’ हे चार शब्द मात्र कधी विचारले नाहीत.

विद्यार्थ्यांच्या अपघातासाठी सानुग्रह अनुदानाची योजना आहे. त्या वेळी मृत्यूला ७५ हजार मिळायचे, आता दीड लाख मिळतात. अर्जासोबतचं शाळेचं पत्र मीच लिहिलं होतं. पोर गेल्यावर पैसे द्यायची सोय आपल्याकडे आहे, आणि ती असायलाच हवी. पण ते पोर पाण्यावर तरंगावं म्हणून तिन्ही जिल्ह्यांत एका तरी शाळेला वर्षाकाठी पाच हजार मिळतात का, हे मला आपल्याकडून ऐकायचं आहे. माझ्या शाळेला बत्तीस वर्षांत पाच रुपये मिळाले नाहीत.

शेततळ्याबद्दल आधी बोलते, कारण गेल्या दहा वर्षांत आपल्या शिवारातलं पाणीच बदललं आहे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आलं, त्याआधीही तळी होतीच, नंतर ती शिवारोशिवार झाली. या पाण्यानं कित्येकांची केळी उभी राहिली, म्हणून तळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण मळ्यात खेळणाऱ्या पोराला ते तळं म्हणजे मोठा हौद वाटतो. चारही बाजूंना उतार, त्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर शेवाळ. कोरड्या पायानं उतरता येतं, ओल्या पायानं चढता येत नाही. चांगला पोहणाराही तिथे दमून बुडतो. काठावर खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर चारही बाजूंनी आत सोडले, ट्रॅक्टरची एक जुनी ट्यूब हवा भरून पाण्यावर ठेवली आणि तारेचं कुंपण केलं, तर फवारणीच्या दोन-चार बाटल्यांच्या भावात तळं बरंच सुरक्षित होतं. तळ्याला अनुदान देताना फोटो मागता ना? फोटोत दोर दिसला पाहिजे, एवढी एक अट घाला.

नदीचंही तेच. मी नऊ वर्षांची असताना मोठ्या बाबांनी माझ्या पाठीला दोन सुके भोपळे बांधले आणि तापीत सोडलं. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल होतं, नदीला पाणी आलं म्हणून अर्धा गाव काठावर होता. तेव्हा डोह कुठे, उथळ कुठे, भोवरा कुठे, हे आम्हाला गल्लीतल्या घरांसारखं पाठ असायचं. पुढे १९८२ ला तापीवर हतनूर धरण झालं, ठिकठिकाणी बंधारे झाले, आणि वाळूचा उपसा सुरू झाला तो थांबलाच नाही. काल जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे आज दोन पुरुष खोल खड्डा असतो, आणि वरून काही कळत नाही. नदीत उन्हाळाभर टिपूस नसतो आणि पावसाळ्यात हतनूरचे एक्केचाळीस दरवाजे उघडले की काही तासांत पाणी काठाला लागतं. पोरांची नदीशी ओळखच राहिलेली नाही. आम्हाला नदीनं शिकवलं, मोठ्या माणसांनी शिकवलं. आजच्या पोराला बापानं शिकवावं तर बापालाच येत नाही, कारण त्याच्या लहानपणीच नदी आटली होती.

हे माझ्यापुरतं दुःख समजू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगभरात ५ ते १४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणं तिसऱ्या क्रमांकावर आहे. तीच संघटना सांगते की शाळकरी मुलांना पोहण्याचं प्राथमिक शिक्षण आणि सुरक्षितपणे वाचवण्याचं कौशल्य द्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला. आपल्याकडे शाळेत किती दिवस साजरे होतात ते आपणच परिपत्रकं काढून कळवता. हा एक कधी आला नाही. खरं तर जुलैचा शेवट म्हणजे आपल्या नद्यांचे पूर, नागपंचमी तोंडावर, मग आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीचं विसर्जन, मग गणपती. दिवस इतका जुळून आलेला असताना आम्ही त्या दिवशी शाळेत काय केलं, तर चाचणी परीक्षा घेतली.

आता तलावाचं. ‘जलतरण’ म्हटलं की आपल्याकडची पहिली फाईल बांधकामाची निघते. आमच्या भागात असा एक तलाव आहे, नाव लिहीत नाही. फरश्या निळ्या, पट्ट्या आखलेल्या, पाणी नाही. पोरं त्याच्या खोल बाजूला क्रिकेट खेळतात, उतारामुळे चेंडू आपोआप परत येतो म्हणून. उन्हाळ्यात ज्या तालुक्यात टँकर फिरतात तिथे तलाव कशानं भरणार, हे मलाही कळतं. आणि भरला तरी चालवणं सोपं नाही. पाण्यातला मोकळा क्लोरीन एका लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, सामू (पीएच) ७.२ ते ७.८, हे दिवसातून निदान दोनदा तपासायचं, गाळणयंत्र चालू ठेवायचं, काठावर जीवरक्षक उभा करायचा. यातलं एक जरी राहिलं तरी पोरांचे डोळे लाल आणि कान फुटलेले. शहरांत तलाव जरूर चालवा, नीट चालवा. पण अनेरकाठच्या पाड्यावरची मुलगी त्या तलावाशी कधी पोचणार नाही. तिच्यासाठी दुसरं काही हवं.

बांगलादेशात पाणी आपल्या कितीतरी पट, आणि पैसा आपल्यासारखाच बेताचा. तिथे खेड्यातल्या पोखरींमध्येच, म्हणजे तळ्यांमध्येच, बांबूचे कठडे आणि मचाण बांधून मुलांना पोहायला शिकवलं जातं. कसोटी साधी : २५ मीटर पोहणं, ३० सेकंद तरंगणं, आणि स्वतः पाण्यात न उतरता दुसऱ्याला बाहेर काढणं. कोणता स्ट्रोक, वेळ किती, याच्याशी कोणाला घेणं-देणं नाही. मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. करताना फ्रीस्टाइल शिकले तेव्हा मला वाटलं होतं की भोपळ्यावरचं पोहणं ते काही पोहणंच नव्हे. आज उलटं वाटतं. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० मध्ये ग्वांगझूला पोहण्यात आशियाई पदक मिळवलं, मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्ण. खान्देशातूनही असं कोणी निघालं तर मी पहिली फटाके फोडीन. पण त्या पोराला आधी कोणीतरी पाण्यात उताणं झोपवावं लागेल.

निवृत्त झाल्यावर ते करून पाहिलं. गावाजवळच्या के.टी. (कोल्हापुरी) बंधाऱ्यात, पाटाचं आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी, सुटलं तेव्हा. सोबतीला आमच्या गावचे भोई काका. चौसष्ट वर्षांचे, आयुष्य तापीवर गेलेलं. पोलीस पाटील ज्यांना रात्री-अपरात्री उठवून नेतात, बातमीतले ‘पट्टीचे पोहणारे’ ते हेच. आजवर किती जणांना बाहेर काढलं असं विचारलं, तर म्हणाले, “बाई, मी मोजत नई.” पोरांना शिकवाल का विचारलं, तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या वर्षी एकोणीस पोरं आली. कमरेइतकं पाणी आहे तिथपर्यंत बांबू रोवले, आडवे बांधले, त्यापलीकडे दोर आणि रिकामे कॅन. तीन पोरांमागे एक मोठं माणूस, पाण्यात उभं, मोबाईल काठावर. तळ आधी काकांनी स्वतः पायानं चाचपून घेतला, काचा आणि बाभळीचे काटे काढले. गावातल्या गटारीचं तोंड खालच्या बाजूला आहे याची खात्री केली. पहिले चार दिवस कोणीच पाण्यात उतरलं नाही. घमेल्यात तोंड बुडवून बुडबुडे काढायचे, एवढाच अभ्यास. आया काठावर बसून हसायच्या. पण नाकातून श्वास सोडायला आला की निम्मी भीती जाते. मग बांबू धरून पाय मारणं, आणि मग उताणं तरंगणं.

उताणं तरंगणं हीच खरी विद्या, आणि तीच पोरांना अवघड जाते. कान पाण्यात गेले की पोरं दचकतात, मान उचलतात. मान उचलली की कंबर बुडते. मी मान-कंबर, हात-छाती असं सगळं समजावत बसले. काकांनी पोराच्या पाठीखाली तळहात धरला आणि विचारलं, “वर काय दिखस?” पोरगं म्हणालं, “आभाळ.” “मंग तेच देखत ऱ्हाय.” हात कधी काढून घेतला ते पोराला कळलंही नाही. माझं बी.पी.एड. तिथे संपलं.

तीन आठवड्यांत एकोणीसपैकी चौदा पोरं बंधाऱ्याच्या या भिंतीपासून त्या दगडापर्यंत गेली, पावलांनी मोजलं तर पंचवीस मीटरला थोडं जास्तच. उरलेली पाच तरंगायला शिकली. खर्च झाला बांबू, दोर आणि काकांच्या रोजाचा. रोज मी माझ्या पेन्शनमधून दिला, त्यांनी आधी घेतला नाही, मग घेतला. दुसऱ्या वर्षी सत्तावीस पोरं आली.

मग मी शेजारच्या दोन शाळांत हेच करू द्या म्हणून एका कार्यालयात गेले. साहेबांनी चहा पाजला, ऐकून घेतलं, आणि विचारलं, “मॅडम, काही झालं तर जबाबदारी कोणाची?” प्रश्न वाजवी आहे. मुख्याध्यापक घाबरतात ते उगीच नाही, उद्या निलंबन त्यांचंच होतं. पण शिकवताना काही झालं तर जबाबदार माणूस लगेच सापडतो, आणि न शिकवल्यामुळे दरवर्षी जे होतं त्याला कोणी वालीच नाही. ही कोंडी मी फोडू शकत नाही, आपण एका परिपत्रकानं फोडू शकता. पाणी किती खोल चालेल, किती पोरांमागे किती माणसं, कोणती साधनं काठावर हवीत, पालकांचं संमतिपत्र कसं असावं, एवढं लेखी द्या. नियम पाळून शिकवणाऱ्याच्या मागे शिक्षण खातं उभं राहील, एवढं एक वाक्य त्यात असू द्या. मग बघा किती शिक्षक पुढे येतात ते.

मुलींबद्दल वेगळं लिहावं लागतं, याचा मला कंटाळा आहे, पण लिहावं लागतं. बाराव्या वर्षी माझ्या आईनं सांगितलं, “आता पुरे, मोठी झालीस.” भोपळे माळ्यावर गेले. त्याच वर्षी माझा भाऊ तापी पोहून पलीकडे गेला म्हणून घरात पेढे वाटले. आता विचार करा, घाटावर रोज पाण्याच्या काठाशी कोण असतं? धुणं घेऊन पोरी असतात. एकीचा पाय घसरतो, दुसरी हात द्यायला जाते, तिसरी ओढणी टाकते. एकाच घरातल्या दोघी-तिघी एकदम गेल्याच्या बातम्या आपणही वाचल्या असतील. आमच्याकडे पहिल्या वर्षी चारच मुली होत्या. दुसऱ्या वर्षी सकाळची पहिली तुकडी फक्त मुलींची ठेवली, पाण्यात दोन बायका उभ्या राहिल्या, कपडे बदलायला ताडपत्रीचा आडोसा केला, आणि अकरा आल्या. सुती पंजाबी ड्रेस पाणी पिऊन जड होतो आणि खाली ओढतो, म्हणून अंगाला बसणारी लेगिंग आणि नायलॉनचा टी-शर्ट. पाळीचे चार-पाच दिवस नको वाटलं तर येऊ नका, नंतर या, एवढं मोकळेपणानं सांगितलं की पोरी गळत नाहीत. एक आजी भांडायला आली, “ऊन लागीसनी पोर काळी पडी जाई.” तिला म्हटलं, आजी, सकाळी सातला या, सावली असते. ती रोज यायला लागली. आता तीच टॉवेल धरून उभी असते.

आदिवासी पट्ट्यात आणखी एक गोष्ट सांभाळायची आहे. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा मुलांमध्ये सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे. थंड पाणी, अंगातलं पाणी कमी होणं आणि दमछाक यांनी त्या मुलांना हाडं ठणकण्याचा जोरदार त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून या मुलांना खेळातून काढून टाकू नका. त्यांचं कार्ड शिक्षकाला माहीत असू द्या, पाणी कोमट असताना उतरवा, लवकर बाहेर काढा, अंग कोरडं करून पांघरूण द्या, घोटघोट पाणी पाजत राहा, शर्यत लावू नका. तळोदा, नंदुरबार, धुळे, यावल या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या आश्रमशाळांत मुलं वर्षभर मुक्कामी असतात, तपासण्याही झालेल्या असतात. तिथे तर हे सगळ्यात आधी सुरू करता येईल. उकाई धरणाच्या फुगवट्याच्या आणि नर्मदेच्या काठच्या गावांत पोरं बोटीनं ये-जा करतात, दवाखानाही बोटीतून येतो. त्यांना पोहता यायला हवं हे कोणी सांगायला हवं का?

फेफऱ्याचा त्रास असलेलं मूल असेल तर एक माणूस हाताच्या अंतरावर हवाच. जुलाब लागलेलं मूल बरं होईपर्यंत पाण्यात नको. कानात तेल ओतायची सवय आपल्या आयांना आहे, ती सोडा म्हणावं, पोहून आल्यावर मान कलती करून पाणी काढायचं आणि कोरड्या फडक्यानं बाहेरून पुसायचं, बस. पहिल्या पावसात शेतातली औषधं वाहून येतात, तेव्हा वर्ग बंद.

आणि भूक. पोहून आलेल्या पोराइतकं भुकेलं कोणी नसतं. आमच्याकडची निम्मी पोरं सकाळी काही न खाता यायची. केळीच्या पट्ट्यात राहतो आपण, पहिल्या दिवशी एका शेतकऱ्यानं दोन फण्या आणून ठेवल्या, मग रोज कोणी ना कोणी आणायचं. शेंगदाणे-गूळही चालतो. यासाठी शासनाची योजना काढू नका, ती मे महिन्यात मंजूर होऊन सप्टेंबरात येईल.

वैद्यकीय भाषेत मी सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल अशी हालचाल हवी म्हणते. माझ्या वेळापत्रकात आठवड्याला दोन-तीन तास होते आणि त्यातला एक दर आठवड्याला गणिताच्या सरांना जायचा. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलेलं आहे, मैदानावर पोरं हवीत असं लिहायचं राहिलं असावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी मैदानावर पोरं उतरवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. त्या दोन महिन्यांत सकाळचं पाणी हेच आपलं मैदान होऊ शकतं. जाड पोरं, दमेकरी पोरं, धावायला लाजणारी पोरं, सगळी पाण्यात खुलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शिकवायची दुसरी अर्धी गोष्ट काठावरची आहे. बुडणारं पोर ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर-खाली होत असतं, ओरडायला श्वासच नसतो. पलीकडच्यांना वाटतं खेळतंय. अशा वेळी उडी मारायची नाही. साडी, दोर, बांबू, रिकामा कॅन, जे हाताला येईल ते फेकायचं, पालथं पडून ओढायचं, आरडाओरड करायची. आमच्या कर्णधाराला हे एवढं माहीत असतं तर निदान एक जण घरी आला असता. आणि बाहेर काढल्यावर? आपल्याकडे पोराला उलटं टांगतात, पोट दाबतात, खांद्यावर घेऊन पळतात. त्यात जी चार-पाच मिनिटं जातात तीच मोलाची असतात. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्यायला आणि छाती दाबायला तिथल्या तिथे सुरुवात हवी, एकीकडे १०८ ला फोन. मोबाईलवर एक निरोप दरवर्षी फिरतो की बुडालेल्या माणसाला मिठाच्या ढिगात ठेवलं की तो जिवंत होतो. मिठानं कोणी उठत नाही. त्या मिठापायी दवाखान्यात न्यायचा वेळ जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी आणि आशाताईंनी प्रत्येक गावात एक सकाळ दिली, उशी घेऊन छाती दाबायचा सराव करून घेतला, तर हा निरोप कोणी पुढे पाठवणार नाही.

माझी मागणी लांबलचक नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या गावचे पट्टीचे पोहणारे कोण, भोई असोत, कोळी असोत, कोणीही असोत, त्यांची नावं काढावीत. जिल्हा परिषदेनं त्यांना चार दिवसांचं प्रशिक्षण द्यावं, श्वास देण्याचं आणि पोरांशी बोलण्याचं, आणि उन्हाळ्यात महिनाभराचं मानधन द्यावं. पैसा जिल्हा नियोजनातून काढायचा की वित्त आयोगातून, ते आपल्याला माझ्याहून जास्त कळतं. चौथीतून पाचवीत जाताना प्रगतिपुस्तकावर ‘तरंगता येते : होय / नाही’ अशी एक ओळ टाकावी. आणि हे सगळं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी. आखाजीला पुण्या-मुंबईची, सुरतेची भाचरं मामाच्या गावाला येतात, त्यांना ना आपलं पाणी माहीत, ना आपली तळी. निदान त्यांच्या सोबत पाण्यावर जाणाऱ्या आपल्या पोरांना तरी कुठे थांबायचं ते कळायला हवं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पाटाला पाणी सुटलं की, भोई काका आणि मी पुन्हा बांबू रोवतो आहोत. या वर्षी चाळीस नावं आली आहेत, मुली त्यात निम्म्याहून जास्त. आपल्यापैकी कोणी एक जण सकाळी सातला बंधाऱ्यावर या. फीत कापायला नको, हार-गुच्छ नाहीत. तीन पोरांमागे एक मोठं माणूस या हिशेबानं आम्हाला अजून पाच जण कमी पडतात.

येताना बदलायचे कपडे घेऊन या.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
तापीकाठ, ता. चोपडा, जि. जळगाव